ज्वारीची पाटी

वैशाखात मुकुंदवाडीच्या बाजारात एखाद्या हातगाडीवर लावणीची अद्रक दिसते. खाण्याची आणि लावणीची एकाच ढिगात पडलेली असते, विकणाऱ्यालाही फरक ठाऊक नसतो. मला लांबून कळतो. लावणीची अद्रक अंगानं भरलेली असते, कातडी सुकलेली आणि डोळे फुगलेले. परवा असा एक गड्डा उचलला आणि मधोमध मोडून बघितला. गाडीवाला म्हणाला, "आजी, मोडला, आता घ्यावाच लागंल." घेतला. घरी पोचेपर्यंत बोटांच्या चिरा चुरचुरायला लागल्या. शेती सोडून इतकी वर्षं झाली, चिरा तशाच आहेत.

आमचं शेत पिशोरला. तिकडं आलं कोणी म्हणत नाही, अद्रकच म्हणतात. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की घरोघरच्या अंगणात लिंबाखाली बेण्याचा ढीग पडायचा. बेणं म्हणजे लावणीसाठी राखलेली अद्रक. ढिगाभोवती बाया बसायच्या आणि एकेक गड्डा मोडून तुकडे करायच्या, प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे राहतील असे. दुपारपर्यंत रस चिरांत शिरलेला असायचा. मग घाम पुसायचा तो मनगटानं आणि लेकरू सरकवायचं ते कोपरानं, बोट कुठंच लावायचं नाही. झळ आली तरी ती तिखट वासाची. संध्याकाळी हाताला गोडेतेल चोळलं तरी भाकरी थापताना तळवे आग करायचे. आता ह्या गोष्टींना लोक आठवणी म्हणतात. तेव्हा ते काम होतं आणि मला ते आवडत नव्हतं.

तरी वैशाख आला की त्यातलं एक साल हटकून डोक्यात येतं. यंदा जास्तच आलं, कारण यंदा शीतलनं मला विचारलं, "आजी, किती घालायचे?"

शीतल माझी नात, माझ्या लेकाची, अशोकची थोरली. शेंद्र्याच्या एका कारखान्यात ऑफिसात कामाला आहे आणि फोनवर शेअर घेते, विकते. शेअर म्हणजे कंपनीत बारकासा वाटा, एवढं मला कळलं आहे. माझ्या नावावर थोडे पैसे आहेत. गावाकडची जमीन रस्त्यात गेली, तिचा मोबदला आला आणि त्यातला माझा वाटा मी कोणाला दिला नाही. अशोकचं म्हणणं, तो बँकेत गाडून ठेव. गाडलेलाच होता. मग शीतल एक दिवस माझ्या खाटेवर येऊन बसली. ठिबकच्या नळ्या बनवणारी एक कंपनी आहे म्हणाली, चांगली आहे, भाव सध्या खाली आला आहे, त्यात थोडे घाल. थोडे म्हणजे किती, मी विचारलं.

"ते तू सांग. कंपनी कोणती ते मी सांगू शकते. किती घालायचे ते कोणीच दुसऱ्याला सांगू शकत नाही."

पोरगी खरं बोलली. पण बोलताना ती माझ्याकडं बघत नव्हती. खिडकीतून समोरच्या स्टेशनाकडं बघत होती आणि स्टेशनात त्या वेळी गाडी नव्हती. शिवाय गेले काही दिवस ती घरी आली की तिची एक चप्पल दारात आणि एक जिन्यात पडलेली दिसे. वय झालं की डोळे जातात, पण असलं दिसायचं राहत नाही.

किती लावायचं, हे आमच्या घरात आत्याबाई ठरवायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आखाजीला ढिगाला हळदकुंकू वाहिलं की पहिला गड्डा मोडायच्या आधी त्या रिकाम्या पाट्या, म्हणजे टोपल्या, घेऊन ढिगाशी बसायच्या आणि बेण्यातून काही पाट्या भरून बाजूला ठेवायच्या. त्या लावायच्या नाहीत. त्या विकून वर्षाची ज्वारी घ्यायची, ज्वारीची पोती घरात आलेली डोळ्यानं बघायची आणि मगच उरलेल्या ढिगाला हात लावायचा. ह्याला घरात ज्वारीची पाटी म्हणत. पाट्या किती काढायच्या, ते आत्याबाई सांगतील तसं. मालक, म्हणजे माझे यजमान, शिवारात नाव घ्यावं असे शेतकरी होते, पण त्या दिवशी ते आईपुढं तोंड उघडत नसत. कधी उघडलंच तर आत्याबाई वर न बघता म्हणायच्या, "अद्रक खाऊन पोट भरत नाय, बाबा." झालं, विषय संपला.

ही रीत त्यांच्या अंगात कुठून आली, ते त्यांनी एकदा सांगितलं होतं. निजामाच्या वेळी लेव्हीत, म्हणजे सरकारच्या सक्तीच्या वसुलीत, ज्वारी जायची, म्हणून आधी घरची ज्वारी बघायची सवय. पुढं पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं आणि निजामाचा हाली रुपया चलनातून गेला. लोकांनी बदलून घेतले. आत्याबाईंना कोणी नीट सांगितलं नाही, त्यांच्या डब्यात थोडे हाली राहून गेले ते गेलेच. माझी लेकरं त्या रुपयांनी खेळली. ज्या रुपयासाठी सासऱ्यांनी लोकांच्या विहिरी खणल्या, तो पोरांनी गोट्यांसारखा उडवताना आत्याबाई बघत बसायच्या, रागावायच्या नाहीत. ज्वारीचं असं होत नाही म्हणायच्या. कीड लागली तरी निवडून खाता येते.

आत्याबाई गेल्या आणि पुढच्या आखाजीला ढिगाशी बसायची पाळी माझ्यावर आली. मी म्हणते ते हेच साल.

आदल्या वर्षी अद्रकीला कधी नव्हे असा भाव आला होता. सोयरिकीच्या बैठकीत पोराला जमीन किती, हे विचारायचं सोडून लोक अद्रक किती ते विचारत. ज्यांच्या सात पिढ्यांनी कापसाशिवाय काही लावलं नव्हतं, ते बेणं शोधत दारोदार फिरत होते. मालक बाजारातून आले की पिशवी कुठं ठेवतात त्यावरून मला भाव कळायचा. वाढलेला असला की पिशवी खुंटीला आणि पडलेला असला की दारातच टाकलेली. त्या वैशाखात पिशवी रोज खुंटीला होती.

आखाजीला मी पाट्या घेऊन बसले. बाजूला बाजेवर बशीरभाई होते. बशीरभाई शहरातले अद्रकीचे व्यापारी, आमचा माल वर्षानुवर्षं तेच घ्यायचे आणि ज्वारीच्या पाट्याही तेच विकत न्यायचे. मी आत्याबाई काढायच्या तेवढ्या पाट्या काढल्या आणि पुढंही भरत राहिले. मालकांचा चेहरा बदलला.

"आता बास. आईबी एवढ्या काढत नव्हती."

"आत्याबाईंच्या वेळी अशोक गावच्या शाळेत होता. आता शहरात शिकतोय. त्याची खानावळ ज्वारीतच धरायची."

"अगं, आज इकलं तर इकून गेलं. लावलं तर वर्षानं पाचपट व्हईल."

"व्हईल तवा व्हईल. खानावळवाला आत्ता मागतो."

मालकांनी मोर्चा बाजेकडं वळवला. बशीरभाई, तुम्ही सांगा हिला म्हणाले. बशीरभाईंनी चहाची बशी खाली ठेवली.

"भाऊ, मेरेकू बीच में नक्को डालो. मैं खुद पूरे खेत का सौदा कब्बी नै करता. आधा लेता. आधा डूबा तो आधा रैता ना."

मी विचारलं, आणि पूर्ण शेत चांगलं निघालं तर?

"तो घर जाके बीबी की सुनता, भाभी. कायकू आधा लिया बोल के."

बाया हसल्या, मीही हसले. मालक हसले नाहीत. मी आणखी एक पाटी ओढली तसे ते उठून गोठ्याकडं गेले. मग बशीरभाईंनीच हळू आवाजात सांगितलं की मालकांनी शेजारचं शेत वर्षाच्या ठोक्यानं कसायला घ्यायचं कबूल केलं आहे आणि इसार देऊनही झाला आहे. ढीग आख्खा लावला, तरच ते शेत भरणार होतं. म्हणजे मालक मला विचारत नव्हते. करून आले होते आणि आता माझ्याकडून हो ऐकायचं होतं. त्यानंतरच्या आयुष्यात मी हे पुष्कळ ठिकाणी बघितलं. किती करू, असं विचारायला येणारा माणूस बहुतेक वेळा अर्धं करून आलेला असतो.

पाट्या मी परत ढिगात ओतल्या नाहीत. शेजारचं शेत गेलं, इसारही गेला. ते शेत भावकीतल्या नामदेवनं उचललं. मालक माझ्याशी बोलायचे बंद झाले. अद्रकीचे कोंब वर येईपर्यंत बोलले नाहीत आणि अद्रकीला कोंब यायला वेळ लागतो. मला त्याचं फार काही वाटलं नाही. घरात काम पुष्कळ होतं.

शीतलला मी लगेच उत्तर दिलं नाही. ती कामावरून आली की तिला बसवून घ्यायची आणि एकेक विचारायची. अद्रकीचा एक गुण आहे. भाव पडलेला असला तर ती जमिनीतच राहू द्यायची, पुढच्या साली काढायची. शेअर तसा ठेवता येतो का? शीतल म्हणाली, येतो, पाहिजे तितकी वर्षं. आतल्या आत सडला तर वरून कळतं का? ती म्हणाली, कधीकधी उशिरा कळतं. मग आमच्यासारखंच आहे, मी म्हटलं. पोरगी खोटं सांगत नाही, हा तिचा मोठा गुण. भाव निम्म्यावर येऊ शकतो, हेही तिनं न विचारता सांगितलं.

अशोक दारात उभा राहून ऐकत होता. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. ह्याच नळ्या तो रोज विकतो, पण त्या बनवणाऱ्या कंपनीत पैसे घालायचं नाव काढलं की तो दोन पावलं मागं सरतो. "आई, तू चौथी शिकलेली. तुला ह्यातलं काय कळणार?" म्हणाला.

"पाचवीत शिकवत्यात का?" मी विचारलं.

शीतल तोंडावर ओढणी धरून हसली. पण अशोकचं भिणं मी वेडेपणाचं म्हणणार नाही. भिणारी माणसं घरात एकदोन असावीत. फक्त शीतलनं त्याला एक सांगितलं, ते मला पटलं. बँकेतले पैसे थोडेथोडे वाढतात, पण बाबा, ज्वारीचा भाव त्याहून जोरात वाढतो, म्हणाली. हे खरं आहे. राखून ठेवलेलं बेणंसुद्धा सुकतं. सावलीत ठेवा, पाला झाका, वजनाला दर महिन्याला कमीच भरतं. नुसतं राखणं म्हणजे वाचवणं नाही.

नळ्यांचं म्हणाल तर मला त्या ओळखीच्या आहेत. त्याच साली आम्ही शेतात पहिल्यांदा ठिबक अंथरलं होतं. काळ्या नळ्या, उन्हानं तापून मऊ पडलेल्या, खांद्यावर वाहून नेल्या की मानेवर काळा पट्टा उठायचा. खारी त्या कुरतडायच्या. थेंब थेंब पाणी पडताना बघून मला आधी वाटलं होतं, एवढ्याशानं काय होणार. झालं ते चांगलं झालं. म्हणून कंपनीचं नाव काढताच मला शेअर घ्यावासा वाटला. आणि तिथंच मी स्वतःला थांबवलं. नळी ओळखीची आहे. कंपनी कोण चालवतं, ते मला कुठं ठाऊक आहे?

मग मी माझ्या पाट्या काढायला बसले. लेकाच्या घरी जेवते, पण दर महिन्याला सुनेच्या हातात पैसे ठेवते. ती नको म्हणते आणि घेते, दोन्ही बरोबर आहे. ते बाजूला. डोळ्याचं ऑपरेशन बाजूला. दवाखान्याचे बाजूला. माझ्या दहाव्या-तेराव्याचेही बाजूला, कारण ते अशोकच्या पैशानं झालं तर तो गावजेवण घालील आणि मला ते नको. एवढं काढून ढीग बराच खाली बसला. तरी उरलं. आता ह्या उरलेल्यातलं किती? आख्खं उरलेलं लावता येतं, असं वाटतं खरं. पण म्हाताऱ्या बाईजवळच्या पैशाचं आणखी एक काम असतं. पैसे संपले तरी लोक मायेनं बोलतात, फक्त काही विचारत नाहीत. मला अजून विचारलेलं आवडतं.

त्या साली श्रावणात "किती" पुन्हा आलं.

श्रावणात अद्रक गुडघ्याला लागते. हिरवीगार, हळदीसारख्या पानांची. पानं चोळली की वास येतो, पण बेण्यासारखा जळजळीत नाही, कोवळा येतो. ह्या वेळेपर्यंत रोपाला खाली नवीन गड्डे धरलेले असतात आणि लावलेला जुना तुकडा बुडाशी तसाच असतो. त्याचं काम झालेलं असतं. हात बसलेली बाई बाजूची माती सारून तो तुकडा अलगद मोडून काढते आणि माती परत दाबते. काढलेलं बेणं विकायचं. लावलेले पैसे खिशात परत आणि पीक शेतात उभंच. ऐकायला किती छान वाटतं. पण जिथून मोडलं तिथं जखम होते. वर ऊन राहिलं तर ती वाळते. पाऊस बसला तर तिथून सड लागते. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या श्रावणात भाव असा चढला की सगळे ते विसरले.

मालक एव्हाना बोलायला लागले होते. आख्ख्या शेताचं बेणं काढू म्हणाले. मीही हो म्हटलं. हे मुद्दाम लिहिते, कारण आखाजीच्या पाट्या सांगितल्या की लोकांना वाटतं मला पुढचं दिसत होतं. काही दिसत नव्हतं. भाव बघून माझीही बोटं शिवशिवत होती. पण ज्या बायांना ते काम येत होतं, त्या सगळ्या नामदेवनं जास्त मजुरी देऊन नेल्या होत्या. त्याला स्वतःचं शेत होतं आणि आमच्या हातून गेलेलंही होतं. आम्हाला मिळाल्या त्या थोड्या, वर मी. वरचं अर्धं शेत झालं आणि भादव्याचा पाऊस लागला.

तो पाऊस जोराचा नव्हता. जोराचा पडून मोकळा होतो. हा बसला. सरीतून पाणी हलेना, आणि ज्या नळ्यांनी आम्ही थेंब मोजून पाणी देत होतो, त्या पाण्याखाली बुडून राहिल्या. गाई गोठ्यात, धूर घरात, ओली धुणी वलनीवर. उघडीप झाली तेव्हा वरच्या अर्ध्यात पानांचे शेंडे पिवळे दिसले. मालकांनी एक रोप धरून ओढलं. ते मुळाशिवाय सुटून हातात आलं. बुडाला वास होता, गुळासारखा गोड आणि कुजका, तो एकदा नाकात गेला की दिवसभर जात नाही. मग ते खालच्या अर्ध्यात गेले आणि तिथलं एक ओढलं. आलं नाही. जोर लावला, तरी आलं नाही. ते चिखलातच बांधावर बसले.

"तू आर्धं ठिवलं म्हणून वाचलं," म्हणाले.

"मी ठिवलं नाय. बाया मिळाल्या नायत."

मालक माझ्याकडं बघत राहिले आणि हसायला लागले. आखाजीपासून पहिल्यांदा हसले.

खालचंही सगळं वाचलं नाही, वरचं पाणी खाली उतरायचं ते उतरलंच. आणि काढणीच्या वेळी भाव पडला, कारण सगळ्यांनीच अद्रक लावली होती. पिशवी महिनाभर दारात पडलेली असायची, मी ती पायानं बाजूला करून झाडायची. बशीरभाई आले आणि उरलेल्यातलं अर्धं घेऊन गेले, नेहमीसारखं. बाकीचं आम्ही जमिनीत ठेवलं. कणगीत ज्वारी होती, अशोकची खानावळ भरलेली होती. श्रावणातल्या बेण्याचे पैसे होते, त्यात खताचं भागलं. एवढंच झालं, जास्त काही नाही.

इथं लोक विचारतात, आणि नामदेव? त्यांना वाटतं, नामदेव बुडाला असं मी सांगणार. नामदेव बुडाला नाही. त्यानं दोन्ही शेतांचं बेणं पावसाच्या आधी काढून चढ्या भावात विकलं. पुढं त्याचं पीक मुळापासून सडलं, पण तोवर पैसे हातात आले होते. त्यानं रस्त्यालगत माडीचं घर बांधलं, समोर निळ्या फरश्या लावल्या. अजून उभं आहे. गावी जाताना बसमधून दिसतं, आणि मी दर वेळी बघते. त्याचं बरोबर होतं की माझं, ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पाऊस कधी बसणार, हे त्याला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. तो आठ दिवस आधी बसला असता तर नामदेवच्या घरात निळ्या फरश्याही नसत्या आणि ज्वारीही नसती. माझ्या घरात दोन्ही पावसांत ज्वारी होती. फरश्या कोणत्याच पावसात नव्हत्या. ज्याला जे पाहिजे ते त्यानं घ्यावं, पण घेताना काय घेतोय ते बघून घ्यावं.

तर मी शीतलला एका संध्याकाळी आकडा सांगितला. माझ्या उरलेल्या ढिगाच्या निम्म्याहून कमी. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "आजी, अजून थोडे नाही का जमणार?"

तेव्हा मी विचारलं, जे पहिल्याच दिवशी विचारायला पाहिजे होतं. "तुझे किती आहेत त्यात?"

ती पाण्याच्या बाटलीवरचा कागद नखानं खरवडत बसली. तो पूर्ण निघाल्यावर म्हणाली,

"सगळे."

सगळे म्हणजे नोकरीला लागल्यापासूनचे. हर्सूलकडं तिनं दोन खोल्यांचं घर बघून ठेवलं होतं, स्वतःच्या नावावर घ्यायचं, लग्न होवो न होवो. त्याचे पैसे. ती घालून बसली आणि नंतर भाव खाली आला. तो खाली आला म्हणूनच मला स्वस्त पडणार होता. ती मला फसवत नव्हती, कंपनी चांगली आहे असं तिला अजूनही वाटत होतं. मग मी कशाला पाहिजे, मी विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला रडायला आवडत नाही, माझ्यावर गेली आहे.

"तू घातलेस तर मला वाटलं असतं, मी चुकले नाही."

"इसार देऊन आलीस तर," मी म्हटलं. तिला कळलं नाही. मग तिला मी आखाजीचा ढीग सांगितला, बशीरभाई सांगितले आणि नामदेवच्या निळ्या फरश्याही सांगितल्या. निम्मी गोष्ट सांगितली असती तर ती सोपी झाली असती, पण मग ती खरी राहिली नसती.

"आधी तू तुझी ज्वारीची पाटी काढ," मी म्हटलं. "मग माझं बघू."

"आजी, आत्ता विकले तर तोटा होईल."

"व्हईल."

"आणि उद्या भाव वर गेला तर?"

"तर तू घरी येऊन माझ्या नावानं बोटं मोड."

नोकरी गेली तर दुसरी लागेपर्यंत कोणापुढं हात पसरायला लागू नये, गाडीचा हप्ता थांबू नये, एवढं धर म्हटलं. तिनं फोनवर हिशेब केला, तोंड वाकडं केलं, पुन्हा केला. तिनं काढायचा आकडा मी घालायला सांगितलेल्या आकड्याच्या आतच बसत होता.

माझं खातं उघडायला थोडे दिवस गेले. सही चालत नाही, फोनला तोंड दाखवावं लागतं आणि पापणी लवली की तो पुन्हा दाखव म्हणतो. लग्नासाठी मला बघायला आले तेव्हाही एवढ्या वेळा तोंड दाखवलं नव्हतं. खातं झालं त्या सकाळी शीतलनं तिची पाटी काढली, म्हणजे तेवढे शेअर विकले, आणि तिनं जेवढे विकले तेवढेच मी घेतले. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

"मधल्यामधे दलाली गेली, आजी," ती म्हणाली.

"जाऊ दे. बशीरभाईबी फुकट येत नव्हते."

अशोकनं चहा पिता पिता सगळं ऐकलं. "म्हणजे घरात शेअर होते तेवढेच राहिले. मग फरक काय पडला?" म्हणाला. त्याची खानावळ कशातून भरली होती, ते त्याला तेव्हाही माहीत नव्हतं.

भाव दुप्पट झाला तर मी लावलेलं काढून घेणार आहे, बाकीचं राहू देणार. शीतल म्हणते, ह्यात बेणं काढलं तरी सड लागत नाही. बघू म्हटलं. परवा मोडलेल्या गड्ड्याचा एक तुकडा मी गॅलरीत तेलाच्या डब्यात लावला आहे. बाकीचा चहात चालला आहे.

भाव मी विचारत नाही. काल अशोक पेपरातली त्या नळ्यांच्या कंपनीची बातमी मोठ्यानं वाचत होता, मला ऐकू जावी म्हणून. भाव आणखी पडला होता. तेवढ्यात जिन्यात पाय वाजले. शीतल आली. तिनं दोन्ही चपला काढून भिंतीला लावून ठेवल्या, पिशवी खुंटीला अडकवली आणि आत येऊन म्हणाली, "आजी, भाकरी झाली का?"

झाली म्हटलं. बस.